बारा संघ, एक कॅमेरा

बंगळुरूच्या जांभळ्या मेट्रोमार्गावर कृष्णराजपुरा सोडलं की सिंगय्यनपाळ्य स्थानक येतं. आराखड्यात याच स्थानकाचं नाव आधी महादेवपुरा होतं. सोमवार ते शुक्रवार इथे उतरणाऱ्यांच्या पाठीवर लॅपटॉप असतो. रविवारच्या पहिल्या गाड्यांतून उतरणाऱ्यांच्या हातात स्टडची पिशवी असते, पायांत गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि अंगात कंपनीच्या किंवा मित्रमंडळाच्या नावाची जर्सी. रिंगरोडच्या दोन्ही अंगांना, काचेच्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या प्लॉटांवर आणि काही गच्च्यांवरही हिरव्या कृत्रिम गवताचे टर्फ झाले आहेत. तिथे दिवसभराची स्पर्धा असते. आयोजकाने एक फोटोग्राफर बोलावलेला असतो. बारा संघ, शंभरावर खेळाडू आणि कॅमेरा एक.

संध्याकाळी स्पर्धेच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो येतात. अंतिम सामन्याचे ऐंशी, चषक उंचावतानाचे चाळीस. सकाळी दोन सामने हरून घरी गेलेल्या संघाचा एकही नाही. त्या संघाने प्रवेश शुल्क तेवढंच भरलेलं असतं आणि त्यांच्या गोलरक्षकाने वाचवलेली पेनल्टी कदाचित दिवसातला सर्वोत्तम क्षण असते. हौशी फुटबॉलच्या छायाचित्रणाचा प्रश्न इथे सुरू होतो. चांगला फोटो कसा काढावा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. एका दिवसात, एका माणसाने, मैदानावर उतरलेल्या प्रत्येकाचा निदान एक धड फोटो कसा मिळवावा, हे फार थोडे सांगतात.

या स्थानकाभोवतालच्या महादेवपुऱ्याला हा प्रश्न आज विशेष लागू आहे. 2007 साली सात नगरपरिषदा, एक नगरपालिका आणि शंभराहून अधिक गावं शहरात सामावून बृहत बंगळुरू महानगरपालिका झाली. महादेवपुरा ही त्या सातांपैकी एक नगरपरिषद. पुढे ती पालिकेच्या आठ विभागांपैकी एक झाली आणि 2025 मध्ये पालिकेचीच पाच शहर महापालिकांत विभागणी झाल्यावर हा भाग बंगळुरू पूर्वमध्ये गेला. तलाव, नारळाच्या बागा आणि द्राक्षमळे यांच्या जागी वीस-पंचवीस वर्षांत माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, नागपूर इथून आलेली मराठी मुलं-मुली या वसाहतींतून काम करतात. गावाकडे पेठेचा किंवा गल्लीचा संघ होता. इथे कंपनीचा, सोसायटीचा किंवा नुसताच ओळखीतून जमलेला.

या भागात फुटबॉल मात्र नवा नाही. जवळच दूरवाणीनगरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना 1948 साली सुरू झाला आणि आयटीआयचा संघ पुढे बंगळुरूच्या फुटबॉलमधलं मोठं नाव झाला. जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा संघ 2010-11 च्या आय-लीगपर्यंत पोहोचला होता. आजच्या कंपनी संघांचे हेच थोरले भाऊ. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन बंगळुरूचेच. हलसूरजवळच्या गौतमपुऱ्यात तर पेलेचा पुतळा उभा आहे. एवढा वारसा असलेल्या शहरात मोठ्या खेळाडूंचे जुने फोटो शोधले तर सापडतात. गल्लीतल्या आणि कारखान्यातल्या दुसऱ्या फळीच्या संघांचे बहुतेक सापडत नाहीत. फिल्म महाग होती आणि एका सामन्याला छत्तीस फोटोंचा एक रोलही चैन वाटे. आज ती अडचण उरलेली नाही. उलट फोटो इतके निघतात की त्यांत माणूस हरवतो.

मराठी माणसाला याचं उत्तर शोधायचं तर कोल्हापूरला जावं लागतं. महाराष्ट्रात स्थानिक फुटबॉल जिवंत कुठे आहे या प्रश्नाला दुसरं गावच नाही. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ ही नावं तिथे पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखाली छत्रपती शाहू स्टेडियमवर हिवाळ्यात हंगाम सुरू होतो तो उन्हाळा संपेपर्यंत चालतो. तालमीतली कुस्ती आणि मैदानावरचा फुटबॉल एकाच पेठेचे दोन बाहू. याच शहरातला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नायजेरियाहून आलेले खेळाडूही इथल्या संघांतून खेळून गेले आहेत. आणि बाबूराव पेंटरांनी स्वतः चित्रपटाचा कॅमेरा घडवला तेही हेच गाव, त्यामुळे कॅमेऱ्याचा आदर इथे जुना आहे.

कोल्हापूरच्या वृत्तपत्र छायाचित्रकाराकडून पहिली गोष्ट शिकायची ती ‘फोटोओळ’. फोटोखाली छापली जाणारी ती एक ओळ: कोण, कुणाविरुद्ध, काय करताना. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा फोटो दुसऱ्या दिवशी ‘पुढारी’ किंवा ‘सकाळ’मध्ये आला आणि ओळीत चेंडू अडवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचं नाव पडलं, तर सकाळच्या चहालाच पेठेतून फोन जातो. म्हणून तिथला जाणता छायाचित्रकार लेन्स बसवण्याआधी दोन्ही संघांची यादी हातात घेतो. यादीचा फोटो काढून ठेवतो म्हणजे ती कॅमेऱ्यातच, त्या सामन्याच्या फोटोंच्या आधी, कायमची राहते. गोल झाला की आधी चेहरा टिपायचा आणि खेळाडू सहकाऱ्यांकडे धावत वळला की पाठीवरचा नंबर. ही दोन छायाचित्रं लागोपाठ असली की रात्री नाव शोधावं लागत नाही. दिसायला साधी सवय आहे. पण सगळ्या कामाचा बराच वेळ ती वाचवते.

दुसरी गोष्ट उजेडाची. स्टेडियमवर एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने ठेवण्याची पद्धत आहे. भर दुपारच्या सामन्यात ऊन डोक्यावर असतं. खेळाडूच्या भुवईखाली आणि हनुवटीखाली काळी सावली पडते आणि डोळे दिसत नाहीत. दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात ऊन तिरपं होतं, चेहरे उजळतात, धुळीलाही रंग येतो. कोल्हापूरला नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो आणि मेच्या मध्याला सातच्या आसपास. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला चांगल्या उजेडाची जी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, ती हंगाम संपताना सामना संपल्यावर येतात. ज्याला हे ठाऊक आहे तो पहिल्या सामन्यात चेहऱ्यांच्या मागे लागत नाही. तो वरून दिसणारी रचना, सावल्या, गॅलरीतले छत्रीवाले, टोपीवाले टिपतो आणि दम दुसऱ्या सामन्यासाठी राखून ठेवतो.

महादेवपुरा कोल्हापूरच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे घड्याळ आणखी पुढे सरकतं. नोव्हेंबरअखेर बंगळुरूत सूर्य सहाला दहा कमी असताना मावळतो आणि जूनअखेर सात वाजायला दहा मिनिटं असताना. स्पर्धेचं वेळापत्रक आखताना आयोजकाने अंतिम सामना हिवाळ्यात पाचला सुरू केला तर बक्षीस समारंभ अंधारात जाण्याची शक्यता असते. फोटोग्राफरला आठवडाभर आधी विचारलं तर तो अंतिम सामना साडेचारला घ्या म्हणेल. पण त्याला आदल्या रात्री फक्त पत्ता पाठवला जातो. पावसाचंही तसंच. बंगळुरूचा जोराचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमधला. 2022 च्या सप्टेंबरात महादेवपुऱ्याचे रस्ते आणि वसाहती पाण्याखाली गेल्या ते देशाने पाहिलं. त्या दोन महिन्यांत दुपारनंतरचे सामने धरून चालायचे नाहीत. महत्त्वाचं काम सकाळी उरकायचं आणि कॅमेऱ्यासाठी एक साधी प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवायची.

आता बारा संघांचं गणित. तीन-तीन संघांचे चार गट केले, तर गटात प्रत्येकी तीन असे बारा सामने होतात. प्रत्येक गटातले दोन पुढे गेले की चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य आणि एक अंतिम. एकूण एकोणीस. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव धरले तर निव्वळ खेळ सहा तास वीस मिनिटांचा. सगळं टिपायचं ठरवून फोटोग्राफर प्रत्येक सामन्यात चारशे वेळा बटण दाबतो आणि सात हजार सहाशे फोटो घेऊन घरी जातो. एकेक फोटो तीन सेकंद पाहिला तरी नुसत्या पाहण्याला तितकाच वेळ जातो, सहा तास वीस मिनिटं. निवड, रंग, नावं, पाठवणं अजून बाकीच. फोटो बुधवारी पोहोचतात. तोवर कुणाला त्यांची ओढ राहिलेली नसते.

गट नीट पाहिला तर एक सोय दिसते. तीन संघांच्या गटात कोणतेही दोन सामने घेतले की तिन्ही संघ येऊन जातात. चार गटांतले आठ सामने पुरेसे, बाराची गरज नाही. त्यातही दोन टर्फवर एकाच वेळी सामने चालू असतील तर पूर्वार्ध एका टर्फवर आणि उत्तरार्ध दुसऱ्यावर घ्यायचा. हौशी संघात पहिल्या दहा मिनिटांत सगळे जीव तोडून पळतात. फोटो तिथेच मिळतात. दर सामन्याच्या अर्ध्या भागाला शंभर फोटो, म्हणजे गटात आठशे. बादफेरीच्या सात सामन्यांना दीडशे धरले तर आणखी एक हजार पन्नास. सगळे मिळून दोन हजारांच्या आत, आणि पाहायला दीड तास. मुख्य म्हणजे दुपारी बारा वाजेपर्यंत बाराही संघांचे खेळतानाचे फोटो हातात आलेले असतात. त्यानंतर हरणारा संघ घरी गेला तरी त्याचं काही राहिलेलं नसतं.

संघाचा एकत्र फोटो पहिल्या सामन्याआधी, नाणेफेकीच्या वेळी घ्यावा. सामना हरल्यावर कुणी रांगेत उभं राहत नाही आणि जिंकल्यावर दोघे-तिघे पाणी आणायला गेलेले असतात. बारा संघांना प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे चोवीस मिनिटं. आयोजकाने शिट्टी वाजवून मदत केली तर तेवढ्यात होतं. मोबाइलही याला पुरतो. खरं तर संघाच्या फोटोसाठी मोबाइल अनेकदा बरा, कारण तो तिथल्या तिथे संघाच्या गटावर जातो आणि मागून येणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंबद्दल ओढ तयार होते.

लेन्सची चर्चा फोटोग्राफरांत सगळ्यात जास्त होते आणि पैसाही तिथेच जातो. थोडं मोजून पाहिलं तर बराच वाचतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 200 मिलिमीटरची लेन्स पन्नास मीटरवर साधारण नऊ मीटर रुंद आणि सहा मीटर उंच पट्टा दाखवते. अकरा-अकराच्या पूर्ण मैदानाची लांबी नियमाप्रमाणे 90 ते 120 मीटर. एका कोपऱ्यावर बसलं तर पलीकडचा गोल शंभर मीटरवर जातो आणि तिथला खेळाडू फोटोच्या उंचीच्या सातव्या भागाएवढाच दिसतो. म्हणून मोठ्या मैदानावर 300 किंवा 400 मिलिमीटरची ओढ समजण्यासारखी आहे. महादेवपुऱ्यातल्या पाच-पाच किंवा सात-सातच्या टर्फवर मात्र खेळ दहा ते वीस मीटरवर चालतो. तिथे 200 मिलिमीटरमध्ये वीस मीटरवरचा एकच माणूस जेमतेम मावतो. चेंडू आणि त्याला अडवणारा बाहेर राहतात. 85 मिलिमीटरची एफ 1.8 ची साधी लेन्स तिथे जास्त कामाची. वीस मीटरवर ती साडेआठ मीटर रुंद दृश्य देते आणि एफ 5.6 वर अडकणाऱ्या झूमपेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी दिव्यांखाली हा फरक पैशांत मोजण्यापलीकडचा आहे.

उजेड हवा तो शटरसाठी. जोरात धावणारा हौशी खेळाडू सेकंदाला सात मीटर जातो असं धरलं तर एक हजारांश सेकंदात तो सात मिलिमीटर सरकतो. चेहरा स्वच्छ येतो. त्याच वेळी जोरात मारलेला चेंडू पंचवीस मीटर वेगाने जात असेल तर अडीच सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चेंडूचा व्यास बावीस सेंटिमीटर, म्हणजे कडा थोडी पुसट होते आणि ती चालते. एक पाचशांश सेकंदावर मात्र चेंडूची शेपटी दिसू लागते आणि पायाचा पंजा पुसट होतो. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवून दाणेदार फोटो घेतलेला बरा. दाणे ओळखीच्या चेहऱ्यावर कुणाला खुपत नाहीत. चेहरा पुसट झाला की सगळ्यांना खुपतो.

टर्फवरच्या दिव्यांचा एक त्रास नवख्यांना कळत नाही. भारतातली वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण एक हजारांशाच्या शटरला दिसतं. लागोपाठ घेतलेल्या सहा फोटोंपैकी दोन उजळ, दोन पिवळट, दोन काळवंडलेले येतात आणि नेमका गोलचा क्षण काळवंडलेल्यात सापडतो. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत फ्लिकर टाळण्याची सोय असते. ती चालू केली की कॅमेरा दिवा पूर्ण उजळेपर्यंत क्षणभर थांबून शटर सोडतो. लागोपाठ फोटो घेण्याचा वेग थोडा घटतो, रंग मात्र सारखे राहतात. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी टर्फवर जाऊन पाच मिनिटं दिव्यांखाली फोटो काढून पाहिले तर हे आधीच कळतं.

आणि जाळी. टर्फच्या चारी बाजूंनी नायलॉनची उंच जाळी असते; आत बसायला जागा नाही. लेन्सचं तोंड जाळीला चिकटवून छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की जाळी विरून जाते. एक वीत मागे सरकलं की प्रत्येक चेहऱ्यावर चौकटी उमटतात. ऑटोफोकस जाळीवर जाऊन अडकू नये म्हणून आधी एखाद्या लांबच्या खेळाडूवर फोकस धरून मग बाकीच्यांच्या मागे जायचं. आयोजकाने गोलच्या मागे, एका कोपऱ्यात, जाळीला टीचभर खिडकी ठेवली तर दिवसभराचा त्रास वाचतो.

कुठे बसायचं याबद्दल अनुभवी लोकांत मतभेद आहेत. गोलच्या मागे, कोपऱ्याच्या झेंड्यापासून थोडं आत, ही वृत्तपत्रवाल्यांची लाडकी जागा. हल्ला अंगावर येतो, चेहरे समोर दिसतात, गोलही हुकत नाही. पण मग कोणत्या गोलमागे? व्यावसायिक सामन्यात बलाढ्य संघ ज्या टोकाला चाल करतो तिथे सगळे बसतात. हौशी सामन्यात हे गणित उलट धरावं असं या लेखाचं म्हणणं आहे. दुबळ्या संघाला दिवसातून एकच संधी मिळते. ती हुकली तर पुन्हा नाही. बलवान संघाचे गोल पुढच्या फेरीतही टिपता येतील. म्हणून पूर्वार्धात दुबळा संघ ज्या गोलवर चढतो त्या गोलमागे बसायचं आणि उत्तरार्धात जागा सोडायची नाही. बाजू बदलल्यामुळे दुसरा संघ आपोआप समोर येतो.

या सगळ्यावर एक वेगळं उत्तर नेदरलँड्समधून आलं आहे आणि ते विचारात पाडणारं आहे. हान्स फान डर मीर या छायाचित्रकाराने आपल्या देशातल्या अगदी खालच्या पातळीवरच्या हौशी सामन्यांचे फोटो काढले. 1998 साली ‘हॉलंडसे फेल्डेन’ हे पुस्तक निघालं. पुढे तो युरोपभर फिरला आणि 2006 मध्ये ‘युरोपियन फील्ड्स’ आलं. लांब लेन्सने एकच चेहरा जवळ आणण्याऐवजी तो थोड्या उंचीवर लांब उभा राहिला. फोटोत पूर्ण मैदान येतं, चेंडूमागे धावणारी थोडी स्थूल माणसं येतात आणि मागे डोंगर, कारखाना, शेजारची घरं, गावाचं चर्च. जुन्या वृत्तपत्रांतले फुटबॉलचे फोटो पाहून त्याला ही दिशा सापडली. लांब लेन्स येण्याआधीच्या त्या फोटोंत मैदान दिसायचं आणि मैदानामुळे काय चाललंय ते कळायचं.

कोल्हापूरच्या छायाचित्रकारांना हे कुणी शिकवावं लागलं नसेल. शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी, पेठेच्या झेंड्यांखाली उभे राहिलेले समर्थक, गोल झाल्यावर उसळणारी गर्दी, हे सगळं फोटोत नसेल तर तो सामना कोल्हापूरचा वाटतच नाही. या गर्दीचं दुसरं रूपही तिथे पाहायला मिळालं आहे. हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचे प्रसंग घडले आहेत आणि अशा वेळी फोटोग्राफरला गर्दीकडे पाठ न करता बसावं लागतं. पार्श्वभूमीची गोष्ट गोव्यातही तीच: भात कापल्यावर त्याच शेतात गोलचे खांब रोवले जातात आणि मागे चर्चचा पांढरा दर्शनी भाग असतो; तिथेही जवळून काढलेल्या फोटोत गाव दिसत नाही.

महादेवपुऱ्याची पार्श्वभूमी वेगळी. मेट्रोचा उंच पूल, बांधकामाच्या क्रेन, अर्ध्या काचा लागलेला टॉवर, पाण्याचे टँकर आणि मध्ये हिरवा चौकोन. पंचवीस वर्षांनी हे असं राहणार नाही. दर सामन्याला एकतरी फोटो असा रुंद घ्यावा. शेजारच्या इमारतीच्या जिन्यावरून किंवा पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावरून तो दोन मिनिटांत मिळतो. दिवसभराच्या फोटोंतला हाच पुढे सगळ्यात जास्त पाहिला जाईल, असं खात्रीने वाटतं.

निवडण्याचं काम मैदानावरच सुरू करावं. गोल झाला, सामना थांबला की त्या फोटोवर कॅमेऱ्यातच खूण करायची. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो सुरक्षित करण्याचं किंवा तारे देण्याचं बटण असतं. मध्यांतराला पंच पाणी पीत असताना दहा फोटो खुणावून होतात. संध्याकाळी संगणकावर आधी फक्त खुणावलेले उघडायचे आणि अंतिम सामना संपण्याआधी प्रत्येक संघाचे दोन-दोन फोटो त्यांच्या गटावर गेलेले असावेत. वृत्तपत्रवाले तर पूर्वार्ध संपला की पहिला फोटो पाठवतात. दुसऱ्या सामन्याचा निकाल रात्री जातो, पान मात्र आधीच लागत आलेलं असतं. फोटो व्यवस्थापनाच्या काही संगणक प्रणालींत जर्सीचा नंबर टंकला की खेळाडूचं पूर्ण नाव ओळीत येतं, त्यासाठी संघाची यादी एकदा भरून ठेवावी लागते. सकाळी काढलेला यादीचा फोटो इथे कामी येतो.

फोटो कुणाचे, हा प्रश्न आयोजक आणि फोटोग्राफर दोघंही टाळतात आणि मग भांडतात. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा त्याचा कर्ता असतो. पण मोबदला देऊन कुणी काम सांगितलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे आयोजकाने पैसे दिले की फोटो त्याचे, फोटोग्राफरला ते स्वतःच्या संग्रहात किंवा जाहिरातीत वापरायचे असतील तर तसं आधी लिहून घ्यायला हवं. फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क टिकतो. दोन ओळींचा मेल पुरतो. मुलांच्या स्पर्धांना आणखी जपावं लागतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानलं आहे आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळण्याजोगी संमती मागितली आहे. महादेवपुऱ्यात शनिवारी सकाळी टर्फवर मुलांच्या अकादमी भरलेल्या असतात. प्रवेश अर्जावर संमतीची एक ओळ आणि पालकाची सही घ्यावी. एखाद्या पालकाने नको म्हटलं तर त्या मुलाचा नंबर कागदावर लिहून तो फोटोग्राफरला खिशात ठेवायला द्यावा.

कोल्हापूरच्या तालमींच्या भिंतींवर अजून जुन्या संघांचे फोटो लावलेले दिसतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेला काळा-पांढरा फोटो, मधोमध चषक, खुर्च्यांवर बसलेले, मागे उभे राहिलेले, पुढे जमिनीवर मांडी घातलेले दोघे. खाली हाताने सुबक अक्षरात लिहिलेलं: बसलेले, डावीकडून, उभे, डावीकडून. मैदानावरचा एकही क्षण त्यात नाही, तरी आजही पेठेतला म्हातारा काचेवर बोट ठेवून सांगू शकतो की हा माझा थोरला भाऊ. महादेवपुऱ्यातल्या संघाला भिंत नाही. दोन वर्षांत निम्मे खेळाडू नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जातात, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो लहान होऊन आलेला असतो आणि फोन बदलताना तोही जातो. म्हणून मूळ आकाराचे फोटो एका फोल्डरमध्ये, स्पर्धेचं नाव आणि तारीख घालून, आयोजकाकडे ठेवून द्यावे लागतात. पहिल्या सामन्याआधी संघ रांगेत उभा राहिला की फोटोग्राफरने फोटो घ्यावा आणि लगेच कप्तानाकडे कागद द्यावा. कप्तान पेनाने लिहू लागतो. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्याच्या नावाला तो अडखळतो, कारण तो मुलगा कालच संघात आलेला असतो. मग तो मागे वळून त्यालाच विचारतो आणि ते नाव लिहून घेतो.